तेहतीसवर लावलेली रेकॉर्ड

आमच्या बँडने उभ्या आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली. सात इंची, फराळाच्या बशीएवढी. दोन्ही बाजू मिळून चार गाणी आणि सगळ्यांची बेरीज नऊ मिनिटांच्या आत. आईला मी ती आधी सीडीवर ऐकवली, तेव्हा ती चहा गाळत होती. गाळणं धुऊन ठेवेपर्यंत दोन गाणी संपली. ‘झालं? एवढ्यासाठी वर्षभर एवढा आटापिटा?’ मी म्हटलं, आई, पंक असंच असतं. जे बोलायचं ते दोन मिनिटांत बोलून मोकळं व्हायचं. आमच्या घराला ही सवय आधीपासून असती तर किती बरं झालं असतं.

ही गोष्ट ब्रिस्टलची, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरीच राहत होते. मी दहा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. बाबा इंजिनीअर, विमानांच्या पंखांचं काम करायचे. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. ती दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि घरी येऊन आमचं आटवते, असं बाबा म्हणायचे. आई त्यावर त्यांच्या पानात कारल्याची भाजी जरा जास्त वाढायची.

बँडमध्ये आम्ही चौघं. गाणारी मुलगी नर्सिंग शिकत होती. उंचीने माझ्या खांद्याला लागायची, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री जागी व्हावीत. गिटारवाला नदीपलीकडच्या वस्तीतला, सायकलच्या दुकानात कामाला. बेस वाजवणारा व्हीगन, म्हणजे दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आईला हे कळल्यावर तिने त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं होतं, जणू त्याच्या घरी कुणीतरी गेलं असावं. आणि चौथी मी. मी ड्रम वाजवायचे.

तिथेच सगळं घोडं अडलेलं होतं. बाबांना ड्रम नको होता. पंक नको, ते आरडाओरड नको, फाटके कपडे नकोत, असं काही नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांना फक्त ड्रम नको होता. शाळेत बारा-तेरा वर्षांची असताना म्युझिकच्या बाईंनी माझ्या हातात काठ्या दिल्या आणि अर्ध्या तासाने त्या परत मागितल्या तर मी देईना. घरी येऊन मी उड्या मारत सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. ते म्हणाले, ‘व्हायोलिन घे. पियानो घे, मी क्लास लावतो. आपल्या घरात कातडं बडवायचं नाही.’ मी म्हटलं, बाबा, ते कातडं नसतं, प्लॅस्टिक असतं. त्यांनी पेपर उलटला. विषय संपला.

सोळाव्या वर्षी मी शनिवारी बेकरीत काम करून जुना ड्रमसेट आणला. गिटारवाल्याच्या वडिलांनी तो त्यांच्या गाडीत घालून आमच्या दारापर्यंत पोचवला. बाबा दारात उभे राहिले. आवाज चढवला नाही, हात आडवा लावला नाही, नुसते उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे आत येणार नाही.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. रस्त्यावर उभं राहून मी मराठीत जे काही बोलले ते शेजाऱ्यांना कळलं नाही हे त्यांचं नशीब. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन भाजी चिरायला बसले. ड्रमसेट गिटारवाल्याच्या गॅरेजमध्ये गेला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो असं नाही. गाडीची सर्व्हिसिंग, कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे, माझी परीक्षा, त्यांचं ब्लड प्रेशर, सगळ्यावर बोलायचो. एकत्र क्रिकेट बघायचो. दर महिन्याला ते लंडनच्या बुद्धविहारात वंदनेला आणि मीटिंगला जायचे, त्यांच्याबरोबर मीही जायचे. फक्त त्या एका गोष्टीजवळ आलं की दोघंही वळसा घालून पुढे जायचो. आम्ही पबमध्ये वाजवलं, स्टुडंट युनियनमध्ये वाजवलं, एकदा तर एका लायब्ररीच्या बागेत वाजवलं. आई दोनदा येऊन गेली, कानात कापूस घालून. बाबा कधी आले नाहीत.

म्हणून ती रेकॉर्ड मला हवी होती. ती विकली जाते की नाही याचं मला काही पडलं नव्हतं. प्रसिद्धीबिसिद्धीचं तर नावच नको. कार्यक्रमाला या म्हटलं की बाबा येणार नाहीत, पण घरात पडलेली वस्तू माणूस कधीतरी हातात घेतो. त्यांनी ती एकदा पूर्ण ऐकावी, मग वाटलं तर म्हणावं, भिकार आहे. नऊ मिनिटं. बापाकडे याहून कमी काय मागणार?

रेकॉर्डिंग आम्ही एका चर्चच्या हॉलमध्ये केलं. हॉल थंडगार होता आणि हीटर लावला की तो घरघरायचा, म्हणून हीटर बंद ठेवून कोट घालून वाजवलं. पहिलं गाणं गायिकेच्या खोलीतल्या बुरशीवर होतं. तिच्या घरमालकाने भिंत पुसण्याऐवजी तिला खिडकी उघडी ठेवायचा सल्ला दिला होता. दुसरं-तिसरं कशावर होतं ते आता मलाच नीट आठवत नाही. चौथं बसवर होतं, जी बस कधीच येत नाही तिच्यावर. त्या गाण्याच्या सुरुवातीला बराच वेळ फक्त ड्रम होता. म्हणजे बसची वाट बघणारा माणूस फुटपाथवर येरझाऱ्या घालतोय, अशी आमची कल्पना. तो ठेका मी बसवला नव्हता. पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये काठ्या हातात घेतल्या आणि तो आपोआपच आला. गिटारवाला नेहमी कुरकुरायचा, ‘शेवटी एक ठोका कमी पडतोय. तू तो गिळतेस.’ मी म्हणायचे, गिळते तर गिळते, तुला काय त्रास? तो ठोका घातला की सगळी गंमत जायची. का ते मला सांगता यायचं नाही.

रेकॉर्डी चेक रिपब्लिकमधल्या कारखान्यातून खोक्यांत आल्या, नुसत्या पांढऱ्या पाकिटात. बाहेरची कव्हरं आम्हीच करायची होती. आमच्या जगात तशी पद्धतच होती. जाड कागदावर हाताने छपाई करायची, घडी घालायची, डिंक लावायचा, आणि मित्रमंडळींनी एकत्र बसून ते सगळं उरकायचं. गायिकेच्या घरी बसायची सोय नव्हती, कागद ओल धरायचा. गिटारवाल्याकडे जागा नव्हती. शेवटी आईच म्हणाली, ‘आणा आमच्याकडे. डायनिंग टेबल मोठं आहे. पण डिंक कार्पेटवर सांडला तर एकेकाला बघून घेईन.’

रविवारी सकाळी सगळे जमले. आईने दिवाळीच्या करंज्यांना बसतात तशी आमची माणसं बसवली. एकाने कापायचं, एकाने घडी घालायची, एकाने डिंक, एकाने रेकॉर्ड आत सरकवायची. व्हीगनसाठी तिने खास तेलावर भाजलेली थालीपिठं केली आणि बरोबर ठेचा दिला. ठेचा कशाशी खातात ते न विचारता त्याने चमचाभर तोंडात टाकला. बिचारा लाल झाला, डोळ्यांत पाणी, पण दूध पिता येईना. आई हसून हसून खुर्चीत बसली. ‘अरे बाबा, आज तरी तत्त्व सोड!’ असं ती त्याला मराठीतच म्हणाली आणि त्याला ते समजलंसुद्धा. पण दुधाला काही त्याने हात लावला नाही. एका मागोमाग एक दोन केळी खाल्ली.

बाबा वर त्यांच्या खोलीत होते. अकराच्या सुमाराला चहासाठी खाली आले. टेबलाजवळून जाताना थांबले. आमच्या घड्या वाकड्या होत्या, अगदी बघवेना इतक्या. त्यांनी एक कव्हर उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरलं, खाली ठेवलं. चहा घेऊन वर गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक साचा होता, दोन बाजूंना उंच काठ आणि मधे पट्टी. कागद त्यात ठेवायचा, पट्टी दाबायची, घडी सरळ. त्यांनी तो गिटारवाल्यासमोर ठेवला, एकदा करून दाखवलं, आणि वर निघून गेले. गिटारवाला माझ्याकडे बघत म्हणाला, ‘युअर डॅड इज अ लेजंड.’ मी म्हटलं, हो, आहेच. मला खरं म्हणजे ओरडावंसं वाटत होतं. ज्यात मी आहे ती रेकॉर्ड ऐकणार नाहीत, पण तिचं कव्हर वाकडं झालेलं चालणार नाही! काय म्हणावं या माणसाला?

दुपारी सगळे गेले. खोकी जिन्याखाली रचून ठेवली. एक रेकॉर्ड मी मुद्दाम पुढच्या खोलीत, बाबांच्या रेकॉर्ड प्लेयरच्या बाजूला ठेवली आणि वर जाऊन पडले.

डोळा लागला होता. जाग आली ती खालून येणाऱ्या विचित्र आवाजाने. कुणीतरी कण्हत होतं. जड, खोल आवाजात, शब्द ओढत ओढत. मला वाटलं, बाबांना काही झालं. धावत जिना उतरले आणि अर्ध्यावर थांबले, कारण ते आमचं गाणं होतं. गायिकेचा तो कान फाडणारा आवाज पोटदुखीने हैराण झालेल्या रेड्यासारखा ऐकू येत होता. बाबांच्या प्लेयरचं स्पीडचं बटण कधीचं ढिलं झालेलं. त्यांच्याकडच्या सगळ्या मोठ्या रेकॉर्डी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या, त्यामुळे त्यांनी बटण तेहतीसवर ठेवून वरून सेलोटेप मारलेली होती. आणि आमची रेकॉर्ड होती पंचेचाळीसची.

मला हसू फुटत होतं, पण मी आवाज केला नाही. ऐकतायत हेच खूप होतं. दाराच्या फटीतून बाबा दिसत होते. खुर्चीत ताठ बसले होते, कंटाळवाणी मीटिंग चाललेली असावी तसे. तिसरं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मधली खरखर झाली. आणि चौथं सुरू झालं.

नुसता ड्रम. माझाच, पण मी तो असा कधी ऐकला नव्हता. वेग उतरलेला आणि आवाजही खाली आलेला. त्या हॉलमधला कडक, कोरडा ठोका आता भरदार झाला होता, तापवलेल्या चामड्यासारखा. ठेका सावकाश, डौलात चालत होता, आणि शेवटी तो गिळलेला ठोका. मग परत पहिल्यापासून.

बाबा उभे राहिले. मला वाटलं, बंद करणार. त्यांनी सुई उचलली, आणि गाण्याच्या सुरुवातीला परत ठेवली. सुई दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. मग त्यांनी मला पाहिलं.

‘ही चाल कुठून आणलीस?’

मी म्हटलं, ‘बाबा, स्पीड चुकलाय. ही पंचेचाळीसवर...’

‘मी स्पीडचं विचारत नाहीये. ही चाल तुला कुणी शिकवली? कुठल्या माणसाने? इंडियात कुणाला भेटलीस तू?’

ते रागावले होते. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि रागाच्या खाली काहीतरी वेगळंच होतं, जे बघून मला भीती वाटली. कुणी नाही शिकवली, मी म्हणाले, ती माझी मीच वाजवली. ‘खोटं बोलू नकोस!’ ते परत खुर्चीत बसले. गाणं चालूच होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला त्यांचा उजवा हात दिसला.

खुर्चीच्या लाकडी हातावर त्यांची बोटं चालली होती. दोन बोटं जड, एक हलकं. रेकॉर्डच्या बरोबर, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. आणि शेवटच्या ठोक्याला बोट वर उचललेलं तसंच राहायचं, खाली यायचं नाही.

‘तुम्हीच,’ मी म्हटलं.

‘काय मी?’

‘तुम्हीच शिकवलीत. बघा ना तुमचा हात.’

त्यांनी हाताकडे पाहिलं. बोटं थांबली. ‘छे! काहीतरीच. मी कधी...’

तेवढ्यात आई आली होती, पदराला हात पुसत. ती दारातूनच म्हणाली, ‘अहो, काय सांगताय! लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. कुकरच्या शिट्ट्या मोजताना ओट्यावर, सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगवर. ही लहान असताना हिला झोपवायचात तेव्हा हिच्या पाठीवर. मला वाटायचं, पंखांचे हिशेब चाललेत तुमचे.’

गाणं संपलं आणि सुई मधल्या कागदाशी जाऊन खट् खट् करत राहिली. आईने ती उचलली आणि माझ्या शेजारी सोफ्यावर बसली.

मग ते बोलले. त्यांची पुण्याची सफाईदार भाषा कुठे गेली कोण जाणे. जी आजवर त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती त्या बोलीत ते बोलायला लागले.

‘आबाची चाल हाय ती. माझ्या बापाची. वरातीपुढं वाजवायचा. शेवटचा ठोका दाबून धरायचा, म्हंजी घोडं पाय उचलायचं आन् तसंच थांबायचं. लोक नुस्ते बघत ऱ्हायचे. दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.’

आजोबा हलगी वाजवायचे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, पुण्यात मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये लागले, एवढंच ठाऊक होतं. त्याच्या आधीचं कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी त्या दुपारी सांगितलं. गावकुसाबाहेर त्यांचं घर. गावातून हाक आली की ताटावरून उठून जायचं, ताप असला तरी. अनवाणी पुढे चालायचं, ऊन असो चिखल असो. वरात दारात पोचली की आत जायचं नाही. बाहेर उभं राहायचं, आणि वरून टाकतील ते ओंजळीत घ्यायचं. बाबा सहा-सात वर्षांचे, हलगी तापवायला वाळला पाला गोळा करून द्यायचे. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी आजोबांनी हलगी चुलीत घातली. पुढच्या लग्नाला हाक आली. आजोबा गेले नाहीत. मग विहीर बंद झाली, गिरणी बंद झाली, आणि एका पहाटे ते सगळे गाव सोडून निघाले.

‘पुण्यात आल्यावर त्यानं कदी ताटावर बोट आपटलं नाय. रस्त्यानं बँड गेला तर खिडकी लावून घ्यायचा. मीबी मग...’ बाबा थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. ‘पण चांगला वाजवायचा गं तो. लई चांगला वाजवायचा. ते कुणाला सांगणार? ते सांगायचं म्हटलं की बाकीचं सगळं सांगावं लागतं.’

मला रडू आलं. आणि खरं सांगते, रागही आला. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला माझी लाज वाटते. एक वाक्य बोलले असते तर काय झालं असतं? पण ते वाक्य त्यांना एवढ्या वर्षांत कुणाशीच बोलता आलं नव्हतं, तर माझ्याशी कुठून बोलणार? मी जाऊन त्यांच्या पायाशी कार्पेटवर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. असल्या गोष्टींची आमच्या घरात फारशी सवय नाही.

‘परत लाव,’ ते म्हणाले.

‘थांबा, टेप काढते. पंचेचाळीसवर लावते.’

‘नको. अशीच लाव.’

रेकॉर्डचं रिलीज पुढच्या शनिवारी दुपारी होतं, शहरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात. तिथे रॅक भिंतीला सरकवून जागा करायचे. तो आठवडा माझा वाईट गेला. माझ्यापुढे साधा प्रश्न होता. जी चाल आजोबांनी चुलीत घातली ती मी लोकांपुढे वाजवायची का? बस न येण्याच्या गाण्यात? बुधवारी बाबा डबे बाहेर ठेवायला निघाले तेव्हा मी मागोमाग गेले आणि विचारलं, ‘बाबा, ते गाणं नको वाजवू का?’ ते रिसायकलिंगमधली बाटली उचलून बघत म्हणाले, ‘रेकॉर्ड निघालीये आता. मला काय विचारतेस?’ मी म्हटलं, तुम्हाला नाही तर कुणाला विचारू? त्यावर ते म्हणाले, ‘ही बाटली कुणी धुतली नाही वाटतं,’ आणि आत गेले. मी फुटपाथवर डब्याशेजारी उभी. वाटलं, लाथ मारावी त्या डब्याला. मारलीसुद्धा. अंगठा दोन दिवस दुखत होता.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘तू वाजव. ते येतील किंवा नाही येणार. आले तर कसं यायचं ते आता तू नको सांगूस त्यांना.’

शनिवारी दुकानात चाळीसएक माणसं असतील. निम्मी आमचीच. गिटारवाल्याचे वडील आले होते, युनिफॉर्ममध्येच, कारण ते बसचे ड्रायव्हर आणि शिफ्ट नुकतीच संपली होती. बसचं गाणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं, पण तरी आले. आई आली होती, कानात कापूस. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मी विचारलं नाही. पहिली तीन गाणी आम्ही एका दमात वाजवली. गायिका काउंटरवर चढली, व्हीगनची तार तुटली, नेहमीसारखंच सगळं.

चौथ्याच्या आधी मी घाम पुसायला मान वर केली तर बाबा दिसले. दारातून आत येऊन जॅझच्या रॅकपाशी उभे होते. ऑफिसला घालायचा कोट, हातात मिटलेली छत्री. कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

गायिकेने मान हलवली, म्हणजे कर सुरू. मी काठ्या उचलल्या आणि ठरवलं वगैरे काही नव्हतं, पण हात आपणहून सावकाश निघाले. पंचेचाळीसच्या नाही, तेहतीसच्या वेगाने. गिटारवाल्याने मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. मी थांबले नाही. मी त्या वेगाने कधी वाजवलं नव्हतं. त्यात प्रत्येक ठोक्याला आजूबाजूला भरपूर जागा होती, आणि शेवटचा ठोका दाबला की सगळं दुकान पाय उचलून थांबल्यासारखं वाटायचं. खरंच थांबायचं. मी ते बघितलं. पुढे उभ्या असलेल्या पोरी हलता हलता थबकायच्या. मी बाबांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर चुकले असते.

मग नाइलाजाने गिटार आली, गाणं आलं, त्याच वेगाने, कण्हत. संपल्यावर गिटारवाला मला म्हणाला, ‘हे काय होतं?’ मी म्हटलं, नंतर सांगते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पुढे येऊन व्हीगनला लाडू देत होती, तेलातला, खास त्याच्यासाठी केलेला.

मी खाली बसून स्टँड सुटे करत होते. माझ्या मागेच, रॅकच्या पलीकडे, बसड्रायव्हर बाबांशी बोलायला गेले. दोघं एकमेकांना दारातल्या त्या ड्रमसेटच्या दिवसापासून ओळखत होते, म्हणजे ओळखत नव्हते. ‘तुमची पोरगी चांगली वाजवते,’ ते म्हणाले. ‘कुणाकडून आलं हे तिच्यात?’

मला बाबा दिसत नव्हते. मी स्क्रू फिरवायची थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, कोण जाणे. किंवा म्हणतील, प्रॅक्टिस करते खूप.

‘माझ्या वडिलांकडून,’ बाबा म्हणाले. इंग्रजीत, सावकाश. ‘ते ड्रमर होते.’

‘असं? चांगले होते?’

‘आमच्या भागात त्यांच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.’

‘काय नाव त्यांचं?’

बाबांनी नाव सांगितलं. आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, आणि आडनाव. पूर्ण. त्या माणसाला ते काही नीट म्हणता आलं नाही, त्याने सॉरी म्हणून पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आणि त्याला बरोबर जमेपर्यंत सांगत राहिले.